आंत्र-पॉलिप व कर्करोग

आतड्याच्या श्लेष्मकलेपासून (आतील बाजूच्या बुळबुळीत अस्तरापासून) उगवून पोकळीत डोकावणाऱ्या कोणत्याही वाढीला ‘पॉलिप’ म्हणतात. ‘अनेक पाय असलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ही संज्ञा आली असून प्राचीन ग्रीक वैद्यांनी ती नाकातील वाढींसाठी वापरली होती. संज्ञा केवळ बाह्य आकाराची निदर्शक आहे; वाढ कशाची आहे हे तिच्यावरून कळत नाही. काही पॉलिप देठावर लोंबतात, काही बुडाशी रुंद व बैठे असतात, तर काही इतके सपाट असतात की, त्यांना वाढ म्हणण्यापेक्षा अस्तरातील डाग म्हणणे अधिक शोभेल. लघ्वांत्रापेक्षा (लहान आतड्यापेक्षा) बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) व गुदांत्रात ते फार अधिक प्रमाणात आढळतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पॉलिपांचे निरनिराळे प्रकार स्पष्ट होतात. दीर्घकालीन शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) उरलेल्या अस्तराचे उंचवटे हे शोथजन्य पॉलिप होत. लहान मुलांच्या गुदांत्रात बहुधा एकटाच आढळणारा, देठाचा व सहज रक्त येणारा बाल-पॉलिप हा ऊतकाच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहाच्या) सदोष मांडणीतून होतो. तो एकटा असेल तर त्यापासून कर्करोगाची भीती नसते. अतिवृद्धिजन्य पॉलिप लहान, फिकट व प्रायः निरुपद्रवी असतो. या सर्वांहून वेगळे असे ग्रंथि-अर्बुद हे अस्तरातील ग्रंथींच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेले खरे अर्बुद (नवोत्पन्न गाठ) असते. प्रथम ते साधे असते, म्हणजे आजूबाजूच्या भागांत घुसत नाही व दूरवर पसरतही नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. साधे ग्रंथि-अर्बुद ही कर्करोगाची पूर्वावस्था आहे काय, या प्रश्नाने विसाव्या शतकातील विकृतिवैज्ञानिकांना व शस्त्रक्रियातज्ञांना दीर्घकाळ दोन पक्षांत विभागले होते.

प्रश्न सुटण्यास इतका काळ लागला, याचे कारण त्याच्या स्वरूपातच आहे. पॉलिप कोणत्या प्रकारचा आहे हे ठरविण्यासाठी तो पूर्णपणे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो; आणि काढलेल्या पॉलिपाचे पुढे काय झाले असते, हे सांगणे अशक्य असते. उलट, जागेवर राहू दिलेला पॉलिप वाढताना दिसला, तरी आरंभी त्याच्या अंतर्भागात काय होते हे कळत नाही. साध्या अर्बुदाचे मारक अर्बुदात रूपांतर होताना प्रत्यक्ष पाहणे त्यामुळे जवळजवळ कोणालाच शक्य नव्हते. जो पुरावा मिळत गेला तो अप्रत्यक्ष होता. तो काही कुटुंबांच्या वंशवृक्षांतून, काही काढलेल्या हजारो गाठींच्या मोजमापांतून व काही पॉलिप काढल्यानंतर रुग्णांच्या वाट्याला आलेल्या आयुष्यातून गोळा झाला.

प्रारंभीची निरीक्षणे : बृहदांत्रातील पॉलिपांचे जुने लिखित वर्णन मेंझेल यांनी १७२१ मध्ये केले. ते आमांशाने पीडित व्यक्तीच्या आतड्यातील चामखिळींसारख्या वाढींचे असल्याने त्या वाढी बहुधा शोथजन्य असाव्यात. जर्मन शारीरविज्ञ ह्यूबर्ट फोन लुष्का यांनी १८६१ मध्ये संपूर्ण बृहदांत्राचे अस्तर व्यापणाऱ्या पॉलिपांचे काळजीपूर्वक वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी जिवंत माणसाच्या आतड्यात डोकावण्याची सोय गुदद्वारापासून थोड्या अंतरापर्यंतच होती आणि बहुतेक माहिती मरणोत्तर तपासणीतूनच मिळे. लंडनमधील शस्त्रक्रियातज्ञ हॅरिसन क्रिप्स यांनी १८८२ मध्ये एकाच कुटुंबातील दोघांच्या गुदांत्रात असंख्य पॉलिप असल्याचे नोंदविले. ही नोंद त्रोटक असली, तरी पॉलिपांचा आनुवंशिकतेशी संबंध तीत प्रथम सूचित झाला. अशा विखुरलेल्या पॉलिपांतून मारक वाढ झाल्याचे हँडफर्ड यांनी १८९० मध्ये वर्णन केले. कुटुंब व कर्करोग हे दोन धागे अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आले होते. ते एकत्र गुंफण्याचे काम मात्र पुढील पिढीला करावे लागले.

सेंट मार्क रुग्णालयातील नोंदवही : फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ मध्ये लंडन येथे केवळ सात खाटांनिशी सुरू केलेले, गुदांत्राच्या विकारांना वाहिलेले छोटे उपचारगृह पुढे सेंट मार्क रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. एकाच अवयवाच्या रोगांसाठी स्वतंत्र रुग्णालय असण्याची गरज तत्कालीन वैद्यकातील अनेकांना पटत नसे. परंतु पॉलिपांचा प्रश्न सुटण्यास नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडली, कारण इतरत्र वर्षातून एखादा दिसणारा रुग्ण येथे वारंवार दिसे. येथील शस्त्रक्रियातज्ञ जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ मध्ये कर्करोग व आनुवंशिकता यांवरील लेखात तीन कुटुंबांचा वृत्तांत दिला. या कुटुंबांत बृहदांत्रभर पॉलिप असणे हे पिढ्यान् पिढ्या चालत आले होते आणि कर्करोगाचे बळी त्यांच्यातच पडत होते. पॉलिप हे केवळ कर्करोगाचे शेजारी नसून त्याचे पूर्वज आहेत, असा लॉकहार्ट-ममरी यांचा रोख होता.

रुग्णालयाचे पहिले विकृतिवैज्ञानिक कथबर्ट ड्यूक्स हे १९२२ मध्ये तेथे रुजू झाले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव गुदांत्राच्या कर्करोगाच्या, १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवस्था-वर्गीकरणामुळे अधिक परिचित आहे. परंतु त्याआधीच, १९२६ मध्ये, त्यांनी बृहदांत्रातील साधी अर्बुदे व कर्करोग यांच्या संबंधावर लेख लिहून अस्तरातील कोशिकांच्या जोमदार वाढीपासून ग्रंथि-अर्बुदापर्यंत व तेथून कर्करोगापर्यंतच्या पायऱ्या मांडल्या होत्या. शस्त्रक्रियेत काढलेले आतडे संपूर्ण उघडून, पसरून, त्यावरील प्रत्येक गाठीची नोंद ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेतील साहाय्यक म्हणून वयाच्या सतराव्या वर्षी रुजू झालेल्या एच्. जे. आर्. बसी या तरुणाकडे पॉलिपग्रस्त कुटुंबांच्या नोंदी ठेवण्याचे काम आले. बसी वैद्य नव्हते. तरीही ही नोंदवही त्यांनी जवळजवळ सारे आयुष्य सांभाळली. कुटुंबांशी संपर्क ठेवला, वंशवृक्ष काढले, कोणाला पॉलिप होते, कोणाला नव्हते व कोण कशाने दगावले हे लिहून ठेवले. कुलागत पॉलिपमयतेवरील त्यांचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकारच्या नोंदवह्यांमध्ये ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते.

या नोंदींतून कुलागत पॉलिपमयतेचे चित्र पूर्ण झाले. दर दहा हजार जन्मांमागे सु. एकात आढळणाऱ्या या विकारात पौगंडावस्थेच्या सुमारास बृहदांत्रात ग्रंथि-अर्बुदे दिसू लागतात व त्यांची संख्या शेकड्यांनी, कधी हजारांनी मोजावी लागते. निदानासाठी किमान शंभर ही मर्यादा बसी यांनीच सुचविली. विकारग्रस्त आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उपचार न झाल्यास कर्करोग जवळजवळ अटळ असून तो सरासरीने चाळिशीच्या आसपास, म्हणजे सामान्य रुग्णांपेक्षा सु. पंचवीस ते तीस वर्षे आधी, प्रकट होतो. कोणतीही लक्षणे नसलेल्या तरुण मुलाला वा मुलीला संपूर्ण बृहदांत्र काढून घेण्याचा सल्ला देणे हे त्या काळच्या शस्त्रक्रियातज्ञांना सोपे गेले नसावे. तो सल्ला देण्याचे बळ त्यांना या वंशवृक्षांनी दिले. नोंदवहीतील रेषा पाहिल्यावर सल्ला न देणे हेच अधिक कठीण होते.

वादाचा कालखंड : कुलागत पॉलिपमयता हा विरळा विकार होय. सर्वसामान्य प्रौढाच्या आतड्यात आढळणाऱ्या एक-दोन पॉलिपांना हाच न्याय लावता येईल काय, हा खरा वादाचा मुद्दा होता. पश्चिमी देशांत उतारवयातील लोकांपैकी निदान चौथ्या हिश्श्यात ग्रंथि-अर्बुदे आढळतात. बृहदांत्राचा व गुदांत्राचा कर्करोग मात्र आयुष्यभरात शंभरांपैकी चार-पाच जणांनाच होतो. बहुसंख्य पॉलिप कर्करोगात परिणत होत नाहीत, ही गोष्ट या दोन आकड्यांवरूनच उघड होते. मग कोणताही पॉलिप परिणत होतो असे तरी का मानावे?

अमेरिकेतील सेंट लूइस येथील ख्यातनाम विकृतिवैज्ञानिक लॉरेन अ‍ॅकरमन व त्यांचे सहकारी स्प्रॅट आणि मोयर यांनी १९५८ मध्ये हा प्रश्न रोखठोकपणे विचारला. सामान्य ग्रंथि-अर्बुदापासून कर्करोग होतो ही समजूत निराधार असून कर्करोग बहुधा निरोगी अस्तरातूनच थेट उद्‍भवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. बॉस्टनमधील बेंजामिन कॅसलमन व क्रिक्‌स्टाइन यांनी १९६२ मध्ये ‘बृहदांत्रातील ग्रंथि-अर्बुदे मारक होतात काय?’ असा प्रश्न शीर्षकातच विचारून त्याचे उत्तर जवळजवळ नकारार्थी दिले. पॉलिपात कर्करोग असल्याचे ज्या रुग्णांविषयी पूर्वी सांगितले गेले होते, त्यांची त्यांनी फेरतपासणी केली व बहुतेकांत ते निदान टिकत नसल्याचे मत मांडले. कुलागत पॉलिपमयता व मखमलीसारख्या बारीक अंकुरांनी झाकलेली मोठी अंकुरयुक्त अर्बुदे यांचा धोका मात्र तेही नाकारीत नव्हते.

वादाला व्यावहारिक बाजूही होती व तिच्यामुळेच तो इतका तीव्र झाला. गुदद्वारातून नळीने दिसणाऱ्या टापूच्या पलीकडचा पॉलिप काढावयाचा तर पोट उघडून आतड्याला छेद घ्यावा लागे. अशा शस्त्रक्रियेत काही रुग्ण दगावत. एक सेंमी.पेक्षा लहान, कोणताही त्रास न देणाऱ्या गाठीसाठी हा धोका पत्करणे योग्य नव्हे, असे म्हणणाऱ्यांना केवळ पुराणमतवादी ठरविणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या साधनांचा विचार करता त्यांचा सल्ला अनेक रुग्णांच्या बाबतीत शहाणपणाचाच होता. चूक होती ती वेगळ्या ठिकाणी. लहान पॉलिपांचा अल्प धोका पाहून त्यांनी सर्व आकारांच्या पॉलिपांविषयी अनुमान काढले आणि नलिकाकार व अंकुरयुक्त अर्बुदे ही एकाच मालिकेची दोन टोके आहेत, हे त्यांनी मानले नाही.

मॉर्सन यांचा पुरावा : ड्यूक्स यांच्यानंतर सेंट मार्क रुग्णालयातील विकृतिविज्ञानाची धुरा बॅझिल मॉर्सन यांच्याकडे आली. त्यांनी प्रथम व्याख्येचा घोळ मिटविला. पॉलिपाच्या वरच्या भागातील कोशिका कितीही विकृत दिसल्या, तरी जोपर्यंत त्या श्लेष्मकलेच्या तळाशी असलेल्या पातळ स्नायुथराला भेदून खाली उतरत नाहीत, तोपर्यंत त्या शरीरात इतरत्र पसरू शकत नाहीत. म्हणून त्या अवस्थेला कर्करोग म्हणू नये, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वीच्या वादात एक पक्ष ज्याला कर्करोग म्हणे त्यालाच दुसरा पक्ष साधी विकृती म्हणत असे, व दोघांचीही आकडेवारी आपापल्या परीने बरोबर ठरे. मॉर्सन यांनी आखलेली सीमारेषा जगभर मान्य झाली.

त्यानंतर मॉर्सन, बसी व जपानहून आलेले शस्त्रक्रियातज्ञ तेत्सुइचिरो मूटो या तिघांनी रुग्णालयात अनेक वर्षांत जमलेल्या ग्रंथि-अर्बुदांची एकत्रित तपासणी केली. ही तपासणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक सेंमी.पेक्षा लहान अर्बुदांपैकी १·३ टक्क्यांत, एक ते दोन सेंमी. आकाराच्या अर्बुदांपैकी ९·५ टक्क्यांत व दोन सेंमी.हून मोठ्या अर्बुदांपैकी ४६ टक्क्यांत सीमारेषा ओलांडलेला कर्करोग आढळला. अंतर्रचनेनुसार पाहता नलिकाकार अर्बुदांत हे प्रमाण सु. ५ टक्के, मिश्र प्रकारात सु. २२ टक्के व अंकुरयुक्त अर्बुदांत सु. ४१ टक्के होते. कोशिकांची घडण जितकी अधिक बिघडलेली तितका धोका अधिक, हेही दिसून आले. आकार, रचना व कोशिकांची विकृती ही धोका जोखण्याची तीन मापे आजही रोजच्या वैद्यकात वापरली जातात. मात्र हे आकडे एका विशेष रुग्णालयाकडे पाठविलेल्या रुग्णांचे आहेत. सरसकट तपासणीत सापडणाऱ्या पॉलिपांतील प्रमाण त्याहून बरेच कमी असते, हे ते वाचताना लक्षात घेतले पाहिजे.

यांहूनही बोलका असा एक पुरावा या अभ्यासांत होता. जे कर्करोग अद्याप आतड्याच्या भित्तीत वरवरच होते, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कडेला साध्या ग्रंथि-अर्बुदाचे अवशेष चिकटलेले आढळले. भित्ती ओलांडून बाहेर गेलेल्या कर्करोगांत असे अवशेष दहांतून एकातही मिळाले नाहीत. वाढणारा कर्करोग आपल्या मूळ घराच्या भिंतीच खाऊन टाकतो, असा याचा अर्थ होतो. कर्करोगाजवळ पॉलिप क्वचितच दिसतो, या विरोधी पक्षाच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच होते. हे संक्रमण पूर्ण होण्यास साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे लागतात असा अंदाज केला गेला. या क्रमाला ‘ग्रंथि-अर्बुद ते कर्करोग अनुक्रम’ असे म्हटले जाते.

अंतर्दर्शन व पॉलिपोच्छेदन : वाद संपण्यास विकृतिविज्ञानाइतकेच एका उपकरणाने साहाय्य केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेली ताठ धातूची नळी गुदांत्राच्या थोडे पलीकडे पोहोचे. बेरियम व हवा यांच्या बस्तीने क्ष-किरण चित्रात अस्तर स्पष्ट उठविण्याची पद्धत १९२३ मध्ये फिशर यांनी दाखविली. तिने पॉलिपाची सावली दिसे, पण तो काढता येत नसे. हॅरल्ड हॉपकिन्स व मूळचे पंजाबातील भौतिकीविज्ञ नरिंदर सिंग कापानी यांनी लंडन येथे काचतंतूंच्या लवचिक जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ मध्ये दाखविले. बॅझिल हिर्शोविट्स यांनी १९५७ मध्ये या तत्त्वावरील जठरदर्शक पुढे आणला, तर पुढील दशकात अमेरिका व जपान येथे बृहदांत्रासाठी लांब लवचिक दर्शक तयार झाले. न्यूयॉर्क येथील विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये अशा दर्शकातून तारेचा फास सरकवून पॉलिपाच्या देठाभोवती आवळला व विद्युत् प्रवाहाच्या उष्णतेने देठ जाळून पॉलिप बाहेर काढला. या पद्धतीने केलेल्या शेकडो उच्छेदनांचा वृत्तांत त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गाठीसाठी पूर्वी पोट उघडावे लागे ती आता रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवून काढता येऊ लागली. रक्तस्राव व आतड्याला छिद्र पडणे हे धोके यातही आहेत, पण ते विरळा आहेत. १९५८ मधील शस्त्रक्रियेच्या धोक्यावर आधारलेला युक्तिवाद येथे आपोआप निकालात निघाला.

पॉलिप काढल्याने कर्करोग खरोखर टळतो काय, हे मात्र अजून सिद्ध व्हावयाचे होते. अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासात १,४१८ रुग्णांची ग्रंथि-अर्बुदे काढून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. सिडनी विनॉवर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कळविल्याप्रमाणे या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या निरनिराळ्या गटांवरून केलेल्या अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते. मृत्यूंचे प्रमाणही सु. ५३ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले.

न काढलेल्या पॉलिपांविषयीचा महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील मेयो रुग्णालयाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. बृहदांत्रदर्शकाचा वापर रूढ होण्यापूर्वी क्ष-किरण चित्रात १ सेंमी. किंवा त्याहून मोठा पॉलिप दिसूनही विविध कारणांनी तो तसाच राहिलेल्या २२६ रुग्णांच्या जुन्या नोंदी स्ट्रायकर व सहकाऱ्यांनी शोधून काढल्या. पॉलिपाच्या जागीच कर्करोग होण्याची संचित शक्यता पाच वर्षांनी २·५ टक्के, दहा वर्षांनी ८ टक्के व वीस वर्षांनी २४ टक्के भरली. असा अभ्यास आज कोणी मुद्दाम योजू शकणार नाही, व योजूही नये. या आकड्यांत दोन्ही पक्षांचे म्हणणे शेजारी-शेजारी बसलेले दिसते : वीस वर्षांतही चारांपैकी तीन मोठे पॉलिप कर्करोगाविना राहिले, आणि चौथा राहिला नाही. तो चौथा कोणता हे आधी ओळखता येत नसल्यामुळे चारही काढले जातात.

जीनांचा पुरावा : न्यूयॉर्क राज्यातील हेरेरा व सहकाऱ्यांना १९८६ मध्ये पॉलिपमयतेच्या एका रुग्णात पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ असल्याचे आढळले. त्या धाग्यावरून वॉल्टर बॉडमर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये विकाराचे जीन (आनुवंशिक घटक) पाचव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित केले. या संशोधनाच्या लेखकांत बसी यांचेही नाव आहे. प्रयोगशाळेतील साहाय्यक म्हणून सुरू केलेले त्यांचे काम सहा दशकांनंतर तेथवर पोहोचले होते. ‘एपीसी’ हे प्रत्यक्ष जीन १९९१ मध्ये बॉल्टिमोर व टोकिओ येथील आणि यूटा राज्यातील शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. पाठोपाठ असे आढळले की, आनुवंशिक विकार नसलेल्या सामान्य माणसाच्या अगदी लहान ग्रंथि-अर्बुदांतही बहुधा हेच जीन बिघडलेले असते. विरळा कुटुंबांवरून सर्वसामान्यांविषयी काढलेले लॉकहार्ट-ममरी यांचे अनुमान अशा रीतीने जीनांच्या पातळीवर खरे ठरले. बर्ट व्होगेलस्टाइन व एरिक फेअरॉन यांनी १९८८ व १९९० मध्ये पॉलिपापासून कर्करोगापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याशी जीनांतील विशिष्ट बिघाडांची सांगड घालून दाखविली. एकच उत्परिवर्तन (जीनातील कायमचा बदल) पुरेसे नसते. ती साचत जावी लागतात, व म्हणूनच वर्षे लागतात.

सर्वच कर्करोग या वाटेने येत नाहीत. मिशिगन राज्यातील विकृतिवैज्ञानिक ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये एका कर्करोगग्रस्त कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. त्या कुटुंबातील शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने आपणही आप्तांप्रमाणे कर्करोगानेच मरणार, असे त्यांना १८९५ मध्ये सांगितले होते, व तसेच घडले. हेन्‍री लिंच यांनी १९६६ पासून अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. लिंच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात पॉलिप मोजकेच असतात. पण डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच सदोष असल्याने त्यांचे संक्रमण दहा वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांतही होऊ शकते. तसेच दीर्घकाळ निरुपद्रवी समजल्या गेलेल्या अतिवृद्धिजन्य पॉलिपांसारखेच दिसणारे, करवतीच्या दात्यांसारखी कडा असलेल्या ग्रंथींचे ‘दातेरी पॉलिप’ १९९० नंतर वेगळे ओळखले गेले. ते सपाट, फिकट व श्लेष्म्याने झाकलेले असल्याने नजरेतून सुटतात. त्यांच्यापासून वेगळ्याच जीनमार्गाने कर्करोग होऊ शकतो. निरुपद्रवी म्हणून बाजूला सारलेल्या गटातूनच हा धोका निघावा, ही वर्गीकरण करणाऱ्यांना सावध करणारी गोष्ट होय.

सार्वत्रिक तपासणी : लक्षणे नसलेल्या निरोगी लोकांना तपासून पॉलिप काढण्याचा लाभ यादृच्छिक चाचण्यांनी मोजण्यात आला आहे. वेंडी अ‍ॅटकिन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ५५ ते ६४ वर्षे वयाच्या सु. १,७०,००० लोकांवर केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात एकदाच बृहदांत्राच्या खालच्या भागाची लवचिक दर्शकाने तपासणी केल्याने, ती प्रत्यक्ष करून घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण ३३ टक्क्यांनी व त्यामुळे होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील संपूर्ण बृहदांत्रदर्शनाच्या चाचणीत (२०२२) दहा वर्षांत कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनीच घटलेले दिसले व मृत्यूंतील घट निश्चित म्हणण्याइतकी नव्हती. परंतु निमंत्रितांपैकी केवळ ४२ टक्के लोकच तपासणीस आले होते. तपासणीचे मोल व तपासणीस बोलावण्याचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे न ओळखल्यामुळे या चाचणीच्या निष्कर्षांवर बराच गैरसमज झाला.

जगात २०२० मध्ये बृहदांत्र व गुदांत्र यांच्या कर्करोगाचे सु. १९ लाख नवे रुग्ण आढळले व सु. ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. भारतातील प्रमाण पश्चिमी देशांच्या मानाने बरेच कमी आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली व तिच्यामुळे अशी तुलना प्रथमच विश्वसनीय आकड्यांनिशी करता येऊ लागली. भारतीयांत ग्रंथि-अर्बुदेही कमी आढळतात. अर्बुदे कमी तेथे कर्करोगही कमी, हा मेळही त्यांच्यातील संबंधाचाच एक दुवा आहे. प्रमाण कमी असल्याने येथे या कर्करोगासाठी सर्व लोकांची तपासणी करणारी राष्ट्रीय योजना नाही. मुख, स्तन व गर्भाशयाची ग्रीवा यांच्या तपासणीवर भर दिला जातो. त्यामुळे येथील पॉलिप बहुधा रक्तस्रावामुळेच उघडकीस येतो व ते रक्त पुष्कळदा मूळव्याधीचे समजून महिनोन् महिने घरगुती उपचार चालतात. मोठ्या वयात नव्याने सुरू झालेला रक्तस्राव, शौचाच्या सवयीत झालेला बदल किंवा कारण न सापडणारा पांडुरोग (रक्तक्षय) असल्यास मूळव्याध दिसत असली, तरी वरच्या बृहदांत्राची तपासणी करावी लागते, कारण एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. कुलागत पॉलिपमयता असलेल्या कुटुंबातील मुलांची तपासणी साधारणपणे दहा ते बारा वर्षे वयापासून सुरू करतात. रक्तातील जीन-परीक्षेने ज्यांच्यात कुटुंबातील सदोष जीन नसल्याचे निश्चित होते, त्यांना पुढील तपासण्यांची गरज उरत नाही. [⟶ कर्करोग].